एका विद्यार्थिनीचे परीक्षा केंद्र

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, रस्सा ओरपायला जातात, नाहीतर चपला घ्यायला. मी एप्रिलमध्ये गेलो तो संख्याशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला. आमच्या माण तालुक्यातून परीक्षकाच्या वाटेने तिकडे फारसे कोणी जात नाही, म्हणून परत आल्यावर हे लिहून ठेवतो आहे. प्रवास लहानच झाला. त्यात पाहण्यासारखी जागा एकच होती आणि पुढच्या वर्षी ती कोणाला पाहता येणार नाही.

कोल्हापूर

मी माणमधल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. कॉलेज एका संस्थेचे, मी त्या संस्थेचा नोकर, पगार सरकारचा आणि मुलांना पदवी मिळते ती कोल्हापूरच्या विद्यापीठाची. ही रचना मी सासरच्या मंडळींना वीस वर्षे समजावून सांगतो आहे, तरी माझे मेहुणे माझ्याबद्दल अजून 'विद्यापीठात आहेत' असेच सांगतात. खरे म्हणजे विद्यापीठात मी वर्षातून दोनदा जातो, तेही पाहुण्यासारखा.

विद्यापीठ गावाबाहेर उंचावर आहे. मोठी झाडे, रुंद रस्ते, दगडी भारदस्तपणा. इथे शिकणारी मुले थोडी. पण तीन जिल्ह्यांत पसरलेल्या कॉलेजांतून शिकणारी मुले कागदोपत्री इथलीच. अभ्यासक्रम इथे ठरतो, प्रश्नपत्रिका इथे निघते, गुण इथे येऊन पडतात. शिकवणे तेवढे दूर कुठेतरी, गळक्या छपराखाली चालते. कॉलेज विद्यापीठाशी 'संलग्न' असते, म्हणजे जोडलेले असते. एकाच कंपाउंडात ते नसते. जोडलेले आहे म्हणजे सोडताही येते, हे आपल्या लक्षात राहत नाही.

परीक्षकांच्या बैठकीला आम्ही फार थोडे होतो. मला दोन केंद्रे दिली होती. पहिले कोल्हापूर शहरातले मोठे कॉलेज. पण ते आता स्वायत्त झाल्यामुळे त्यांच्या परीक्षा ते आपल्या आपण घेणार होते. कर्ता मुलगा वेगळी चूल मांडतो पण आडनाव तेच लावतो, तसे हे प्रकरण असते. पदवी विद्यापीठाचीच राहते, बाकी कारभार आपला आपण. मोठ्या कॉलेजांना ते परवडते. लहान असतात ती थोरल्या घरातच राहतात आणि तिथेच वाळत जातात.

उरले दुसरे केंद्र. कुरुंदवाडच्या पलीकडचे एक गाव. नाव मुद्दाम देत नाही. परीक्षा विभागातल्या खोत नावाच्या कारकुनांनी कागद माझ्यापुढे सरकवला. विद्यार्थीसंख्येच्या चौकटीत एक आकडा होता.

"खोत साहेब, एकच्या पुढे काही छापायचे राहिले आहे का?"

"न्हाई सर. एकच हाय."

"एका मुलासाठी केंद्र?"

"मुलगी हाय. तिनं विषय सोडला न्हाई. बाकीची समदी कॉम्प्युटरला पळाली." ते हसले. "जावा की, कुरुंदवाडची बासुंदी खाऊन या. ह्या वर्षी जावा, फुडल्या वर्षी न्हाई. त्यो विभाग बंद हुतोय."

बंद कसा होतो तेही सांगितले पाहिजे. विभाग एका दिवसात बंद होत नाही. आधी पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबवतात, पुढच्या वर्षी दुसऱ्याचे आणि शेवटी तिसरे वर्ष. आत असलेली मुले बाहेर पडेपर्यंत दार उघडे ठेवायचे आणि मग ओढून घ्यायचे. प्रस्ताव संस्थेचा, मान्यता विद्यापीठाची. कोणी बंद केला असे विचारले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघांचेही बोलणे खरे असते.

रात्रीपुरता शाहूपुरीतल्या एका लॉजवर उतरलो. जवळ गुळाची बाजारपेठ आहे. सगळ्या रस्त्याला गोड, थोडा करपट वास येतो आणि तो कपड्यांना लागतो. रश्श्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे. मी भाकरी आणि वांग्याची भाजी मागवली तर वाढप्याने मला आजारी समजून हळू आवाजात विचारले, "पोट बिघडलंय काय पावणं?"

शिरोळची वाट

सकाळी मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव देतात, इथे स्लाइस ब्रेड देतात. तो कटात बुडवला की जागेवर विरघळतो आणि बोटे तेवढी हाती राहतात. डोळ्यांतले पाणी पुसत एसटीत बसलो. बस जयसिंगपूर, शिरोळ करत नरसोबाच्या वाडीवरून कुरुंदवाडला जाणार होती. वाडीला जाणारे भाविक भरपूर होते. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसले. शिरोळकडचे जैन शेतकरी, मगदूम अण्णा.

"कुठलं म्हणायचं पावणं?"

"माण. दहिवडीजवळ."

"म्हंजी दुष्काळी की." त्यांनी माझ्याकडे, पुराच्या गावचा माणूस टँकरच्या गावच्या माणसाकडे पाहील तसे पाहिले. "इकडं कशापायी?"

मी सांगितले. विद्यापीठ, कॉलेज, बाहेरचा परीक्षक. आमची मुले त्यांनी तपासायची, त्यांची आम्ही. आपली आपण कोणी तपासायची नाहीत. अण्णांनी शांतपणे ऐकले.

"म्हंजी आमच्या कारखान्यागत की. ऊस आमचा, काटा त्येंचा."

इतक्या वर्षांत ही रचना मला एवढ्या थोडक्यात सांगता आली नव्हती. मी तसे बोलून दाखवले.

"आनि साखरेचा उतारा कमी लागला तर कुणाचं नाव?" अण्णांनी विचारले आणि उत्तर स्वतःच दिले. "उसाचं. काटा कवा चुकत न्हाई."

शिरोळच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस दिसेल असे मला वाटले होते आणि तो होताही. पण मध्येच मोठमोठी रिकामी शेते लागत होती, पांढरी, मिठाचा राप चढलेली. कडेला बाभळी आणि काटेरी झुडपे. आमच्याकडच्या माळासारखीच दिसणारी ही जमीन नदीच्या काठाला कशी, ते मला कळेना.

"पानी लई झालं," अण्णा म्हणाले. "दिलं, दिलं, दिलं. खालनं मीठ वर आलं. माझी बी निम्मी अशीच हाय. तुमची जमीन पान्याबिगर मरती, आमची पान्यानं मेली."

मी गेली कित्येक वर्षे आकाशाकडे पाहत पाण्याची सरासरी काढतो. सरासरी दोन्ही ठिकाणी फसवते. त्या पांढऱ्या शेतांकडे पाहत असताना आपल्या गावाबद्दलचे एक गाऱ्हाणे माझ्या मनातून गेले आणि त्याच्या जागी काही आले नाही.

केंद्र

कुरुंदवाडला बस बदलली आणि गावात उतरून कॉलेज विचारले. एकाच कंपाउंडात तीन इमारती. पहिली काचेची आणि थंडगार. आत गेलो तर मुलेच मुले. काउंटरवरच्या मुलीने माझे पत्र वाचले आणि परत दिले.

"सर, हे फार्मसी. आमचं विद्यापीठ येगळं हाय. तुमचं विद्यापीठ मागच्या बिल्डिंगीत."

"आणि मधली इमारत?"

"नर्सिंग. त्येंचं तिसरंच."

संस्था एक, फाटक एक, पाण्याची टाकी एक, विद्यापीठे तीन. आमचे सर्वांत जुने, म्हणून सर्वांत मागे. तिथे रंग उडालेल्या भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर एक निळी रेघ ओढली होती. महापुराचे पाणी तिथपर्यंत आले होते. ती रेघ वऱ्हांड्यातून, ऑफिसातून, वर्गांतून सरळ जात होती आणि संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत फळ्याच्याही वरून गेली होती.

चौगुले सर दारात उभे होते. चाळिशी गाठलेले, किडकिडीत, कडक इस्त्रीचा सदरा. ते अकरा वर्षे तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्यांचाच मोबदला आणि नेमणूक दर वर्षी नव्याने. परीक्षा त्यांनी आणि मी मिळून घ्यायची: ते आतले, मी बाहेरचा.

"या सर. आमचा विभाग." हात फिरवून त्यांनी बाके दाखवली. बाके सगळी पुसलेली होती. त्यांतल्या एकावर मुलगी बसली होती. आफरीन मुजावर. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात. डोक्यावर ओढणी, समोर कॅल्क्युलेटर, दोन पेने, पट्टी.

"हजेरी घ्यावी लागते," चौगुले म्हणाले, आणि माझ्यादेखत त्यांनी ती घेतली. "नंबर एक?"

"हजर."

मला हसू आले. त्यांना आले नाही. मुलीलाही नाही. वर्षभर रोज असेच चालले असणार.

प्रश्नांचे पाकीट फोडले. तीन उदाहरणे होती, मधले गुणवत्ता नियंत्रणाच्या आलेखाचे. स्वतः सोडवल्याशिवाय मी कोणाचे उदाहरण तपासत नाही. म्हणून मुलीला प्रश्न देऊन खिडकीशी बसलो आणि तिन्ही उदाहरणे केली. चौगुले ऑफिसात गुणपत्रकाचे काम करायला गेले. परीक्षार्थी एक असली तरी कागद तेवढेच असतात.

माझे संपले. उठून फेरी मारली. मुलीच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक होता, समास आखलेला होता आणि खाली काहीही नव्हते. ती कॅल्क्युलेटरवर आकडे दाबत होती. बोटे भराभर चालत होती. बटणाकडे न पाहता दाबत होती. मी मागे थांबलो. पडद्यावर दशांशासह आकडा आला. तो माझ्याच कागदावरचा आकडा होता, शेवटच्या अंकापर्यंत. तिने तो पाहिला आणि पुसून टाकला. लिहिले काही नाही. मग पुढचे उदाहरण दाबायला घेतले. तेही बरोबर आले. तेही पुसले.

मी समोर जाऊन उभा राहिलो.

"का लिहीत नाहीस?"

"येत न्हाई सर."

"आत्ता पडद्यावर आले होते."

ती खाली बघत राहिली. मी शिक्षक आहे. गप्प बसलेल्या मुलांची मला सवय आहे. ही गप्प बसलेली नव्हती, ती काहीतरी धरून बसली होती.

"मी पास झाले की विभाग बंद हुतोय," शेवटी ती म्हणाली.

"कोण म्हणाले?"

"ऑफिसात बोलत हुते. एक जरी पोरगं ऱ्हायलं तर फुडलं वरीस विभाग ठेवावा लागतोय म्हणं. रिपीटर असला की." तिने दाराकडे पाहिले. "सरांना म्हाईत न्हाई. तुमी सांगू नगा."

"म्हणजे तू सरांसाठी नापास होणार?"

"एक वरीस की सर. माझं काय जातंय? सरांनी मला एकटीला शिकीवलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जा गं, तूबी कॉम्प्युटर घे."

आता पुढचे लिहायचे आहे ते जपून लिहितो. परीक्षार्थीला उत्तर सांगणे गुन्हा आहे. पण विद्यापीठाची रचना समजावून सांगणे म्हणजे उत्तर सांगणे नव्हे, असे मी त्या वेळी मनाशी ठरवले आणि अजूनही मला ते बरोबर वाटते.

"आफरीन, ऐक. नापास झालेले मूल कॉलेजचे राहत नाही, विद्यापीठाचे होते. त्याला तास नसतात, परीक्षा तेवढी असते. तू राहिलीस तर तुला पुढच्या वेळी दुसरे केंद्र देतील. जयसिंगपूर देतील, कोल्हापूर देतील. इथे कोणी कोणाला ठेवणार नाही."

"मग ऑफिसात म्हणत हुते ते?"

"त्यांना माहीत नसेल. विभाग बंद करायचे दोन वर्षांपूर्वीच ठरले. पहिले वर्ष बंद झाले त्या दिवशी. तू पास हो, नाहीतर नापास हो."

तिला ते पटायला वेळ लागला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर आधी शंका आली, मग राग.

"आनि हे तुमी मला आत्ता सांगताय? निम्मा टाइम गेला की!"

एवढे म्हणून तिने पेन उचलले. मग तिच्या लेखी मी तिथे नव्हतोच. कागदावर आकडे असे उतरत होते, की जणू ते आधीपासून तिथेच होते आणि ती फक्त वरची धूळ पुसत होती. पहिले उदाहरण झाले. आलेख काढला, मर्यादांच्या रेषा पट्टीने ओढल्या. मध्येच एकदा मान वर न करता तिने विचारले, "मग सरांचं काय हुणार?"

मी खिडकीशी जाऊन बसलो. 

चौगुले चहा घेऊन आले तेव्हा तिसरे उदाहरण नुकते सुरू झाले होते. त्यांनी घड्याळ पाहिले, तिचा कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अजून हितंच? अगं, असलं उदाहरण तर तू आठ दिवसांमागं झोपेत केलंतंस!"

"लिव्हते सर."

वेळ संपली. मला दहा मिनिटे देता आली असती का? नियमाने नाही. त्या खोलीत आम्ही तिघेच होतो, हेही खरे. मी अजून बोलायचा होतो, तेवढ्यात चौगुल्यांनीच पुढे होऊन कागदावर हात ठेवला.

"बास. वेळ झाली."

"सर, दोनच ओळी."

"आफरीन, आपल्या विभागात वेळ कधी वाढवून दिली न्हाई. शेवटच्या दिवशी देऊ व्हय? बाहेरचे सर आल्यात."

कागद त्यांनी तिच्या हाताखालून काढून घेतला. ती माझ्याकडे बघत होती. मी चहाकडे.

तोंडी परीक्षा मी कडक घेतली. मुद्दाम कडक, ज्यात तिची पूर्ण किंमत दिसेल अशी. तिने एकही उत्तर चुकवले नाही. एका ठिकाणी मी स्वतः गडबडलो ते तिने नम्रपणे दुरुस्त केले. तोंडीचे पूर्ण गुण दिले. उदाहरणांचे जेवढे कागदावर होते तेवढेच दिले, कारण कागदावर जे नाही त्याला गुण देता येत नाहीत. तिसरे उदाहरण जवळजवळ सगळे गेले. पास झाली, पण पहिल्या वर्गाएवढे गुण पडले नाहीत. पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशाला हे गुण बघतात. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

दोघांच्या सह्या करायच्या होत्या. चौगुल्यांनी त्या आकड्याखाली सही केली.

"जेवायला चला सर," ते म्हणाले. "आईनं पाठवलंय."

केंद्रावरचे जेवण घ्यायचे नाही असा माझा नियम आहे. माझ्याजवळ घरच्या दशम्या आणि शेंगांची चटणी होती. पण डबा आला होता, आणि नाही म्हणायला लागणारा जोर माझ्यात उरला नव्हता. जैन घरचे जेवण: कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. तरी आमटीला अशी चव, की आमच्या घरच्या स्वयंपाकात आम्ही काय काय फुकट घालतो असे वाटावे. आफरीनही तिथेच जेवली. तिच्या वाटणीची भाकरी त्या डब्यात वेगळी बांधलेली होती. वर्षभर येत असणार.

"अव्वाला सांगा सर, चटणी लई भारी झाली," ती म्हणाली. अव्वा म्हणजे चौगुल्यांची आई.

"तूच येऊन सांग. आता काय, मोकळीच हाईस," चौगुले म्हणाले. त्यांनी ते चेष्टेने म्हटले होते. पण आफरीन डब्याची झाकणे लावू लागली.

ती गेल्यावर ते मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायला आले. बस लांब होती. नदीकडून वारा येत होता आणि त्याला वास होता. उन्हाळ्यात पाणी आटले की पंचगंगेला असा वास येतो, म्हणाले.

"सर, स्पष्ट सांगा," त्यांनी गाडीचा आरसा पुसत पुसत विचारले. "तोंडीला पूर्ण गुण. म्हंजी पोरीला येतंय. मग लिहायला का जमलं न्हाई? मी वेळ लावून सराव घेतला न्हाई. एकटी हाय म्हणून निवांत शिकवत बसलो. व्हय न्हवं?"

"तसे काही नाही. तुमच्या शिकवण्यात मला काही कमी दिसले नाही."

"मार्क बोलत्यात की सर. तुमी संख्याशास्त्राचं, मीबी संख्याशास्त्राचा." ते थांबले. "अकरा वर्षांत शेवटची पोरगी तेवढी पयल्या वर्गात काढावी, एवढंच हुतं. बाकी मला बंद हुणार ते ठाऊक हुतं."

मी बोललो नाही. तिने सांगू नका म्हटले होते. मी हो म्हटले नव्हते, पण नाहीही म्हटले नव्हते. बस आली. बासुंदी घ्यायची राहिली. घरी गेल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारले तेव्हा ते लक्षात आले.

पुन्हा कोल्हापूर

दुसऱ्या दिवशी सीलबंद पाकीट विद्यापीठात देऊन मग घरी जायचे होते. परीक्षा विभागात पंखे जोरात चालले होते आणि कागदांवर दगड ठेवले होते. खोतांनी पाकीट फोडले, पत्रक वाचले, पोचपावती लिहायला घेतली.

"पास झाली. सुटली बिचारी," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा वर सारून आकडा पुन्हा पाहिला. "पर सर, वर्गात पोरगी एक. मास्तर एक. तरी एवढेच मार्क?"

"हो."

"शिकवनारा ढिला असनार. एका पोरीला तेवढं जमंना?" पावतीवर शिक्का मारून त्यांनी ती मला दिली. "बंद झालं ते बरंच झालं म्हणायचं."

खोत माणूस वाईट नाहीत. त्यांच्यापुढे एक आकडा होता आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला. मीही वर्गात मुलांना तेच शिकवतो. पण तो अर्थ आता त्या टेबलावरून कुठे कुठे जाणार, चहाच्या टपरीवर, पुढच्या बैठकीत, ते मला दिसत होते. त्या विभागाबद्दल यापुढे कोणी काही बोलले तर एवढेच बोलले जाईल, आणि ते सगळ्यात जास्त मानणारा माणूस त्या गावात आरसा पुसत बसला होता.

"तुमच्याकडं किती हाईत ह्या वर्षी, तिसऱ्या वर्षाला?" खोतांनी सहज विचारले.

"चार."

"बरं हाईत की," ते म्हणाले आणि पुढचे पाकीट घेतले.

बाहेर झाडाखाली येऊन मी चौगुल्यांना फोन लावला. मुलीने नको म्हटले होते, हे मी विसरलो नव्हतो. पण माणसाने आपल्या अकरा वर्षांचा चुकीचा निष्कर्ष काढून आयुष्यभर तो बाळगावा, हे मला सहन होईना. चुकीच्या निष्कर्षाचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. मी सगळे सांगितले. कॅल्क्युलेटरवरचे बरोबर आलेले आकडे सांगितले, ते पुसलेले सांगितले, ऑफिसातली अफवा सांगितली, निम्मा वेळ कसा गेला तेही सांगितले. "तुमच्या शिकवण्यात काही कमी नव्हते," मी म्हणालो. "तिला सगळे येत होते. शेवटच्या दशांशापर्यंत."

  

"तिला वेळ कमी पडला तवा कागद मी वडला," चौगुले म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हते."

"म्हंजी पोरीचे मार्क मी खाल्ले म्हणा की, सर."

मी 'तसे नाही' म्हणालो. त्यांना धीर यावा म्हणून दोनदा म्हणालो. मग त्यांनी मला, गाडी मिळाली का, वाटेत ऊन लागेल, टोपी आहे का, असे विचारले आणि फोन ठेवला. घरी येईपर्यंत मी ते गणित पुन्हा पुन्हा करून पाहिले. पहिले त्यांचे उत्तर चूक होते. हे दुसरे बरोबर होते आणि ते मीच त्यांच्या हातात दिले होते.